खुडूक कोंबडी आणि डोळ्याचा पडदा

आदिलाबादला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले माझे नातेवाईक आधी "अरे वा" म्हणतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे नक्की कुठं गं?" त्यांना तरी काय बोलायचं! मी हैदराबादेत नोकरी करते, तिथल्या लोकांनासुद्धा आदिलाबाद म्हटलं की फक्त उन्हाळा आठवतो. खरं तर तेव्हाच्या आंध्रातला हा जिल्हा महाराष्ट्राला इतका खेटून बसलाय की कोण कुणाच्या अंगणात आलंय ते कळू नये. मराठी बोलणारी गावंच्या गावं आहेत तिथं. त्यांतल्या एका गावी मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, थंडीच्या दिवसांत, बर्फाचा डबा घेऊन गेले होते.

डबा कशाला, ते आधी सांगते. मी डॉक्टर आहे, पण पीएच.डी.वाली, माझ्याच्यानं कुणाचा खोकलासुद्धा बरा होत नाही. माझं काम डोळ्याच्या आतल्या पडद्याशी, ज्यावर उजेड पडला की आपल्याला दिसतं त्या पडद्याशी. परदेशात एका प्रयोगशाळेत दोन वर्षं मी उंदरांच्या डोळ्यांत विषाणू सोडत होते. ऐकून माझ्या आत्यानं कपाळाला हात लावला होता. पण विषाणूच्या अंगी एक कसब असतं. पेशीत शिरायचं आणि आपल्याजवळचा मजकूर तिच्या गळ्यात मारायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. आम्ही त्याच्या पोटातला रोगाचा मजकूर काढून टाकायचो, त्या जागी आपल्याला हवा तो जनुक भरायचो आणि केसासारख्या सुईनं पडद्यामागे सोडायचो. काही घराण्यांत एक जनुक बिघडलेला असतो आणि त्यापायी पडद्यातल्या पेशी वर्षानुवर्षं एकेक करून मरत जातात. अशा माणसांना कधीतरी चांगला जनुक या वाटेनं पोचवता येईल, एवढीच आमची आशा होती. पण कोणत्या घरात कोणता जनुक बिघडलाय ते आधी समजायला हवं, आणि ते रक्तातून समजतं.

हैदराबादच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात आदिलाबादजवळच्या तामसीकडचे किसन नावाचे गृहस्थ आले होते. लहानपणी रातांधळेपण, आणि चाळिशीच्या आतच दिवसाचंही दिसेनासं झालेलं. सोबत त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद होता, शाळामास्तर. घरात आणखीही कुणाकुणाला असं झालं होतं, असं तो म्हणाला. "म्याडम, एकेकाले इथं आणन्यापेक्षा तुमीच या ना घरी," असं त्यानं म्हणायचा अवकाश, मी हो म्हणून बसले. प्रयोगशाळेत उंदरांच्या तोंडाकडे बघून मला कंटाळा आला होता, हेही खरं.

निर्मल

वाटेत बस निर्मलला थांबली. लाकडी खेळण्यांचं हे गाव. ड्रायव्हर चहा पिईपर्यंत मी एका दुकानात शिरले, तर पाटीत सीताफळं मांडलेली. हंगाम संपत आला असताना इतकी ताजी कुठून, म्हणून उचललं, तर हातात कागदाइतकं हलकं लाकूड. दुकानदार आतून गालात हसत होता. हा खेळ त्याच्याकडे रोज चालत असणार. लाकूड कोरायचं, चिंचोक्याच्या लगद्यानं सांधे बुजवायचे, वर रंगांचे थर द्यायचे, आणि तेही असे की पेरूवर पोपटानं चोच मारल्याची खूणसुद्धा सुटू नये. आमच्याकडे अशी वस्तू काचेच्या कपाटात जाते. इथं कारागिराची नात तसल्याच एका आंब्यावर बसून बोरं खात होती. मी तिथं इतकी रमले की ड्रायव्हरला हॉर्न वाजवून मला बोलवावं लागलं.

आदिलाबादला बर्फ भरून घेतला तो आईसकांडीवाल्याकडून, कारण दुसरीकडे कुठं मिळेना. नारिंगी बर्फ. तामसीच्या बसमध्ये कंडक्टरनं डब्याचा वास घेतला आणि हिंदीत ठणकावलं, "मछली ऊपर रखो अम्मा." मासे नाहीत म्हटलं तर म्हणे मग काय आहे. रक्ताच्या नळ्या ठेवायला आहे, असं सांगायचा शहाणपणा मी केला. त्यानंतर अख्ख्या बसमध्ये माझ्या बाजूच्या सीटवर कुणी बसलं नाही. डबा मात्र टपावरच गेला.

तामसीच्या पुढे

मिलिंद सायकल घेऊन फाट्यावर उभा होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, काळ्या जमिनीवर पांढरंच पांढरं. मधूनच ज्वारीचे पट्टे. बायका कमरेला झोळीसारखे ओटे बांधून कापूस वेचत होत्या आणि मिलिंदला "काहो सर, पाव्हने कुठले" म्हणून विचारत होत्या. त्याच्या वडिलांनी याच शेतांत मजुरी करून दोन्ही पोरांना शिकवलं होतं. हे सांगताना त्याच्या आवाजात ना कुरकुर होती ना फुशारकी, आणि मला तो फार आवडला.

घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. पण माझी नजर खिळली ती चुन्याच्या रेघांवर. ओसरीच्या कडेला, पायरीला, विहिरीच्या वाटेला हातभर रुंद पांढऱ्या रेघा, दृष्टी मंदावलेल्यालाही दिसाव्यात अशा. मी पायातली चप्पल दारात काढली, तशी मिलिंदची बायको कमल लगबगीनं आली आणि ती उचलून कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "ताई, राग नका मानू. आमच्या घरी वाटेत काईच ठेवत नाई."

त्या घराचा तो कायदाच होता, आणि आजोबांपासून चालत आलेला. रांजण इथं म्हणजे इथंच. खाट, पाटा, कंदील, कुऱ्हाड, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. लग्न होऊन आलेली सून आधी हे घर पाठ करते आणि मग चुलीला हात लावते. आमच्या पुण्याच्या घरात वडिलांचा चष्मा सापडत नाही म्हणून रोज सकाळी आरडाओरडा होतो. इथं ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते किसनदादा ओसरीवरून ताठ मानेनं उठले, रांजणातून पाणी घेतलं, एक थेंब न सांडता माझ्यापुढे तांब्या धरला आणि म्हणाले, "घ्या डाक्टरीणबाई, थकल्या असान." मी भारावून पाहतच राहिले.

किसनदादा अंबाडीच्या तागाचे दोर वळतात. पंचक्रोशीतल्या बैलांच्या गळ्यात त्यांचाच दोर असतो म्हणे. त्याच झाडाचा पाला जातो स्वयंपाकघरात. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, असं जेवण दिवस मावळायच्या आत झालं, कारण तोही घरचा कायदा. ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. किसनदादांना ते नाक ओढण्यावरून कळलं. "आमच्या कमलच्या हातचा ठेचा खाऊन डोये उघडतात म्हनतात," ते म्हणाले, "मीच तेवढा राह्यलो." आधी ते हसले, मग घर हसलं, मग मीही.

सरकी आणि तूर

दुसऱ्या दिवशी सकाळी वंशावळ मांडायला बसलो. कागदावर मी चौकोन-गोल काढायला लागले तर कमल म्हणाली असं नाही समजत, आणि तिनं ओसरीवर बायांसाठी सरकी, पुरुषांसाठी तुरीचे दाणे मांडले; ज्याची दृष्टी गेली त्याच्याशेजारी एकेक खडा. बघता बघता चार पिढ्या जमिनीवर पसरल्या. आजोबांच्या शेजारी खडा, एका आत्याशेजारी खडा, किसनदादांशेजारी खडा. मामाच्या घरी मुलगी द्यायची रीत असल्यामुळे दाणे फिरून फिरून एकमेकांजवळ यायचे. आमच्याकडेही आत्या-मामाच्या मुलांची लग्नं होतातच. त्यामुळे मला नाक मुरडायला जागा नव्हती.

किसनदादांची धाकटी बहीण शांता हे सगळं जरा लांबून बघत होती. तिचा नवरा तिच्या सख्ख्या मामाचाच मुलगा. तो बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होता, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा. शांता अर्धं वर्ष तिकडे, अर्धं इकडे. तिची सात-आठ वर्षांची सुजाता मात्र कायम याच घरी. मी सुजाताच्या सरकीवर बोट ठेवून विचारलं तशी शांता चटकन म्हणाली, "तिले काई नाई. चांगली हाय माझी पोरगी. तिले टोचू नका."

"का नाही टोचू?"

"चांगल्या पोरीले काऊन टोचाचं?"

बोलण्यात असा पहारा होता की मी सरकीवरचं बोट उचललं. पण कुणाला अंधारात दिसतं नि कुणाला नाही, हे पाहायची माझी एक युक्ती होती. खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या, अंधुक उजेड ठेवला, आणि एकेकाला सांगितलं की दारापासून चुलीपर्यंत जा आणि तांब्या घेऊन या. मिलिंद घेऊन आला. कमल घेऊन आली. सुजाता तर पळत गेली आणि पळत आली. शांतानं माझ्याकडे पाहिलं, बघितलंत ना, अशा अर्थानं. शेवटी किसनदादा म्हणाले मीपन जातो, आणि सगळ्यांहून लवकर तांब्या आणून माझ्या हातात दिला.

मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. या घरात हा प्रयोग करणं म्हणजे माशाला पोहता येतं का ते पाहणं. संध्याकाळी बाहेर, परक्या अंगणात बघू, असं ठरवून मी मोठ्यांचं रक्त घ्यायला लागले; तेवढं मी इस्पितळात शिकून घेतलं होतं.

दुपारी कमलनं मागच्या अंगणात नेलं. टोपलीत एक खुडूक कोंबडी अंगाचा गोळा करून बसली होती. खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसलेली. मी हात पुढे केला तर तिनं चोच उगारली. कमल म्हणाली, "तिच्या खाली तिची अंडी नाईत ताई, बदकाची हायत. तिले काय समजते! आपलीच समजून ऊब देऊन राह्यली."

मी आदल्या दिवसापासून किसनदादांना विषाणूची गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होते आणि ती काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हती. रोगाचा जंतू डोळ्यात घालून डोळा कसा बरा होईल, हा त्यांचा साधा सवाल. आता मी ओसरीवर जाऊन म्हटलं, "दादा, पेशी म्हणजे ही खुडूक कोंबडी. तिच्याखाली जे ठेवाल ते ती उबवते. विषाणूला टोपलीत शिरायची वाट माहीत असते. तो आपली अंडी गुपचूप ठेवून येतो आणि मग रोग होतो. आम्ही काय करतो, त्याची अंडी काढून घेतो आणि त्याच्याच हाती चांगली अंडी देऊन पाठवतो."

किसनदादांचा दोर वळणारा हात थांबला. गोष्ट पटली होती, ते दिसत होतं. मग ते म्हणाले, "आन कोंबडीच मेली असंल तं?"

परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी आकडे फेकून वेळ मारून नेली होती. इथं कुणावर फेकणार?

"मंग अंडी ठेवून काय फायदा?" ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्या डोयातली कवाच मेली म्हना."

"हो दादा," मी म्हटलं. "बहुतेक मेली."

"बरं झालं सांगतलं." आणि हात पुन्हा ताग वळायला लागला. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून कपाशीकडे चालत गेले आणि उगाचच बराच वेळ तिथं उभी राहिले.

डबा

संध्याकाळची वीज त्या भागात हमखास जायची, तशी गेली. कमलनं कंदील लावून खुंटीला अडकवला. मी रक्ताच्या नळ्या डब्यात नीट लावल्या, नारिंगी बर्फ वर पसरला आणि डबा दारापाशीच ठेवून हात धुवायला वळले. घरचा कायदा त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता. मी पाहुणी.

अंगणातून सुजाता पळत आली, सकाळी तांब्या आणायला गेली होती तशीच भरधाव, आणि डब्याला अडखळून आडवी झाली. झाकण उडालं, बर्फ सगळीकडे घरंगळला. नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या म्हणून वाचल्या. पोरीची हनुवटी खरचटली होती. पण ती रडत नव्हती. ती उठून बसली आणि दोन्ही हातांनी डबा चाचपत म्हणाली, "इथं काय हाय हे?"

डबा पांढराशुभ्र होता. कंदिलाच्या उजेडात तो मला दिसत होता, कमलला दिसत होता, ओसरीच्या टोकाला बसलेल्या मिलिंदला दिसत होता.

"काय पडलं?" किसनदादांनी विचारलं. "माझा डबा," मी म्हटलं. त्यांनी मान वळवली. "सुजाता, तुले डबा दिसला नाई का वं?"

"अंधार हाय ना मामा."

किसनदादांनी कमलच्या दिशेनं तोंड वळवलं. "कंदील लावला नाई का?"

"लावला हाय दादा," कमल म्हणाली.

शांता चुलीपाशी उभी होती. ती आली, पोरीला उचललं, तिची हनुवटी पदरानं पुसली आणि मग तिला मांडीवर घेऊन खाली बसली. "बेल्लमपल्लीले पडते ना ती," ती बोलायला लागली, कुणाशी ते तिचं तिलाच माहीत नसावं. "दिवस बुडला का क्वार्टरात अडखयते, रडते. मले वाटलं, जागा नवी, कोयशाचा धूर, बावरली असंल पोरगी. म्हनून इथं आनून ठेवली. इथं कवाच पडली नाई. एकडाव पडली नाई."

"इथं काऊन पडन," किसनदादा म्हणाले. "मी तरी पडतो का?"

ज्या कायद्याचं मला दोन दिवस कौतुक वाटत होतं, त्यानं पोरीला असं जपलं होतं की तिच्या आईलाही काही कळू नये. मला अजूनही त्या घराचं कौतुकच वाटतं. इतक्या प्रेमानं कुणी कुणासाठी घर लावल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी बर्फ गोळा करत होते आणि माझी बोटं बधिर झाली होती.

सकाळ

परतायच्या दिवशी सकाळी मी सामान बांधत होते. सुजाताचा डोळा हैदराबादला तपासून घ्या, असं मिलिंदला सांगून झालं होतं. एका डब्याला अडखळण्यावरून मी निकाल देऊ शकत नाही, हेही सांगितलं होतं. त्यानं मान हलवली होती. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शांता सुजाताला घेऊन ओसरीवर आली आणि माझ्यासमोर बसली. रात्रभर झोपली नसावी. पोरीची बाही तिनं वर सरकवलेली होती, पण हात अजून आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

"ते उंदीर," ती म्हणाली. "ज्याच्या डोयात तुमी सोडलं. त्याले दिसाले लागलं का?"

आता काय सांगू? हो म्हणणं अगदी सोपं होतं. बाही वर गेलीच होती. किसनदादा दोर बाजूला ठेवून ऐकत होते. कमल उंबऱ्यात थबकली होती.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही पाठवलेला जनुक पेशींपर्यंत पोचला, पेशींनी तो कामाला लावला, एवढंच झालं. त्या जनुकानं पेशीत फक्त निळा रंग येतो. पोचला की नाही हे समजायला तेवढीच खूण आम्ही पाठवली होती. पेशी निळ्या झाल्या. उंदराला काही दिसायला लागलं नाही."

"मंग माझ्या पोरीले होईन का बरं?"

"माहीत नाही शांताबाई. तिच्या पेशी आज जिवंत असतील. तिच्या मामासारखं नाही झालेलं. पण त्या जिवंत आहेत तोवर आम्ही तिथं पोचू का, ते मला सांगता येत नाही. कदाचित नाहीच पोचणार. हिचं रक्त घेतलं तर शोधायला मदत होईल. हिला त्याचा फायदा होईल असं वचन मी देत नाही."

सुजाता आईच्या मांडीवर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती. काळेभोर, टपोरे डोळे. सकाळच्या उन्हात तिला माझ्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसत होती, कारण तिनं नेमकं तिच्यावरच बोट टेकवलं.

"दादाले घेऊन आमी कुठं कुठं गेलो," शांता म्हणाली. "वैदाकडे गेलो, दवाखान्यात गेलो, बाबाच्या मठात गेलो. सारे म्हनाले होईन, होईन. एकानंबी नाई म्हटलं नाई. तुमीच पयल्या."

तिनं पोरीचा हात मुठीतून सोडला, उलटा केला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

मी सुई हातात घेतली. पण माझ्याच डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालं होतं, आणि पोरीची शीर सापडायला मला बराच वेळ लागला.